सातवी गाळलेली जागा

एकतीस रुग्णांनी सातव्या गाळलेल्या जागी ‘तास’ नाहीतर ‘दिवस’ लिहिलं होतं. कल्लव्वाने लिहिलं होतं ‘महिने’.

डॉ. स्पंदनाने कागद पुन्हा पाहिला. दावणगेरेच्या दंत महाविद्यालयात दात काढण्याआधी ज्या संमतिपत्रावर सही घेतात, ते लोकांना कितपत कळतं, यावर तिचा प्रबंध होता. जुन्या मजकुरातलं एकेक वाक्य तीस-तीस शब्दांचं निघालं, म्हणून तिने सोप्या कन्नडमध्ये नवा मजकूर केला होता. त्यातले अधलेमधले शब्द गाळून ती तो रांगेत बसलेल्यांना भरायला देई. जितके शब्द बरोबर, तितका मजकूर सोपा.

वाक्य होतं : ‘खालची दाढ काढल्यावर ओठ काही ____ बधिर राहू शकतो.’

“अज्जी, इथे ‘महिने’ कसं सुचलं तुम्हाला?”

“सुचायचं काय त्यात? आठ झाले.” कल्लव्वाने खालच्या ओठावर डावीकडे बोट ठेवलं. “इथे चिमटा काढला तरी कळत नाही.”

“दाढ कुठे काढली होती?”

“इथेच की, तुमच्याकडे.”

“मग परत दाखवायला का नाही आलात?”

“दाढ मागची, ओठ पुढचा. त्याचा नि याचा काय संबंध? आमच्या यजमानांचं तोंडापासूनच सुरू झालं होतं. आधी तोंड वाकडं झालं, मग हात गेला, मग ते. म्हटलं, आता माझी पाळी.”

“घरी कुणाला बोललात?”

“कशाला? सुनेचं पोर पाच महिन्यांचं. मांडीवर द्यायला आली की मी कंबर दुखते म्हणते. हातातून सुटलं तर?”

स्पंदनाने तिला हसायला लावलं, गाल फुगवायला लावले, दोन्ही हात वर धरायला लावले. ओठावरून कापूस फिरवला. मग विभागातल्या सरांना बोलावलं. त्यांनीही तपासलं, मान डोलावली आणि ते आपल्या रुग्णाकडे परत गेले.

“हा अर्धांगाचा झटका नाही, अज्जी. दाढेच्या मुळाखालून ओठाकडे एक नस जाते, ती दुखावलीय. ओठ पूर्ण बरा होईल, असं मी सांगू शकत नाही. पण याने हात जाणार नाही.”

कल्लव्वाने दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले.

“पोर उचललं तरी चालेल?”

“चालेल.”

“हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?”

स्पंदना उठली आणि जुनी फाईल घेऊन आली. संमतिपत्राच्या तळाशी कल्लव्वाची सही होती, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईची, प्रत्येक अक्षर सुटं आणि नीट. तिच्या वर चौथ्या ओळीत ते होतं. स्पंदनाने वाचून दाखवलं : “अधोहनू चेताक्षतिजन्य अधरसंवेदनालोप संभवनीय असून तत्संबंधी...”

“कुठली भाषा ही?”

“कन्नडच आहे.”

“वाच परत.”

स्पंदनाने परत वाचलं. कल्लव्वाने मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिला हसू आलं. दोन्हीकडून सारखं आलं.

“म्हणजे तुम्ही सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आणि मी हो म्हटलं होतं.”

स्पंदनाने फाईल मिटली.

“बाळ, या कागदावर आणखी किती जणांनी सह्या केल्यात?”

“ते पाहिलं नाही मी.”

कल्लव्वाने पिशवी खुर्चीखाली सरकवली. “मला दुपारच्या बसने जायचंय. तोवर बसते मी. तू काढ त्यांच्या फायली.”