लाल अंगरखा

"विधवेच्या दुसऱ्या लग्नात लाल चालत नाही गं," म्हणत आत्याने सुयिंगच्या अंगावर निळा झगा चढवला. सुयिंगने संतापाने दात आवळले.

तेवढ्यात तिची पहिली सासू काठी आपटत दारात उभी राहिली. मेलेल्या लेकाची बायको परक्या घरी चाललीय, म्हातारी आता घर डोक्यावर घेणार, म्हणून वऱ्हाड दोन पावलं मागे सरलं.

म्हातारी कडाडलीच. "निळा? हा तर सुतकाचा रंग! माझी पोर काय मयताला निघालीय?" तिने बोचकं सोडलं. आत सोनेरी धाग्याने ड्रॅगन भरलेला नवाकोरा लाल अंगरखा होता. "वर्षभर डोळे फोडून शिवलाय मी! काढ तो निळा!"

लाल रेशीम अंगावर येताच सुयिंगला हुंदका फुटला.

"रडू नकोस, डाग पडतील!" म्हातारी खेकसली, आणि उतरवलेल्या निळ्या झग्याने तिने स्वतःचे डोळे पुसले.