बंद करायचा राहिलेला व्हिडिओ

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीसाठी फिल्म करायची म्हणून केतकीने क्लाउडवरचे घरच्यांचे व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. सासूबाईंनी काढलेल्यांत बरीचशी फरशीच दिसत होती, कारण व्हिडिओ बंद करायला त्या हमखास विसरत.

जागा पुरेना, म्हणून केतकी ते पुसायला निघाली. त्याआधी एक लावून पाहिला, तर फरशी दिसत असताना सासूबाईंचा हलका आवाज आला, "नेहमी असाच सदरा घालत जा हो. फार छान दिसताय."

पंधरा वर्षांत त्यांनी सासऱ्यांचं केलेलं कौतुक केतकीने कधी ऐकलं नव्हतं. फिल्मचा शेवट तिने त्यावरच केला.

वाढदिवसाला सगळे हसले. "हे कशाला घातलंस गं?" सासूबाई लाजून म्हणाल्या.

सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. "केतकी, शेवटचं तेवढं पुन्हा लाव. नीट ऐकू आलं नाही."