पंखांना नवं आकाश

आजोबा मालक होते तेव्हा कामगाराला सरळ "चालता हो" म्हणायचे. वडिलांच्या काळात माणसं 'घरी बसवली' जाऊ लागली. परदेशात शिकून आलेल्या नातवाला हे दोन्ही शब्द रानटी वाटायचे. त्यानं शिवणखात्यातल्या मावशींना केबिनमध्ये बोलावलं, समोर बसवलं.

"मावशी, कारखाना म्हणजे आपलं घरटं. पण पंखांना कधीतरी नवं आकाश द्यावं लागतं. उद्यापासून ते आकाश तुमचं!"

"म्हणजे मला काढलं का, साहेब?"

"छे, छे! असं कोण म्हणतं हल्ली?"

मावशींचा जीव भांड्यात पडला. ना रडारड, ना आरडाओरडा. नातू स्वतःच्या भाषेवर बेहद्द खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपल्या मशीनवर हजर! त्यानं पुन्हा घरटं समजावलं, पुन्हा आकाश दाखवलं. मावशींनी मान डोलावली आणि पुढची कॉलर शिवायला घेतली. शेवटी त्याचा तोल गेला. सगळ्या खात्यासमोर तो ओरडला, "अरे, हाकला रे हिला बाहेर!"

मावशींनी मशीन बंद केलं.

 

"आत्ता कळलं, साहेब. एवढंच म्हणायचं होतं, तर काल लाजलात कशाला?"