मिस्त्रीचं पोट

खोटं बोलत असेन तर माझे उरलेसुरले दात आत्ता इथेच पडोत. अक्षर न् अक्षर खरं आहे.

सुतारमिस्त्री घरापुढच्या दुकानात बाकाला धरून उभा होता. उभा कसला, पळीसारखा वाकलेला. जन्मभर लोकांच्या चौकटी ओळंब्यात बसवल्या, पण आज त्याला स्वतःला सरळ होता येईना. सकाळी बेंबीपाशी दुखत होतं, ते दुपारपर्यंत उजवीकडे खाली उतरलं. उलट्या झाल्या, अंग तापलं. आणि हा म्हणे, गॅस आहे, जाईल.

घरात एक पोट आणि डॉक्टर ढीगभर. धाकटा भाऊ म्हणाला, पित्त. त्याची बायको, म्हणजे घरातल्या जाऊबाई, म्हणाल्या, मुतखडा, माझ्या भावाला अगदी अस्साच झाला होता. शेजारचा शिंपी वाटीभर एरंडेल घेऊन आला, आणि मिस्त्रीने हात पुढे केलासुद्धा. बायकोने ती वाटी मोरीत ओतली. सकाळपासून तिचं एकच, दवाखान्यात चला. त्याचंही एकच, हे गिऱ्हाइकाचं दार आज द्यायचंय. तो कण्हला की छपरावरची कबुतरं उडायची. शेवटी शेवटी तीही कंटाळली, उडेनाशी झाली.

ऊन कललं आणि दुखायचं एकदम थांबलं.

मिस्त्रीने घाम पुसला, भावाला टाळी दिली. बायकोला म्हणाला, "बघ. उगाच घर डोक्यावर घेतलंस. चहा टाक."

सगळे हसले. ती तेवढी हसली नाही. तिने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटाला हात लावून बघा, मऊ आहे का. तिने लावला. पोट फळीसारखं घट्ट. बाईंचा आवाजच बदलला. असं एकाएकी थांबलेलं दुखणं चांगलं नसतं, म्हणाल्या, आत काहीतरी फुटलं असेल. पाणीसुद्धा देऊ नका, आत्ताच्या आत्ता आणा.

जाऊबाईंनी दिलेला कप त्याच्या ओठाशी पोचला होता. तिने तो हिसकावला.

"अहो, हात टेकले मी तुमच्यापुढे. आता एक शब्द बोलायचा नाही. आडवे व्हा."

"कशावर?"

"त्या दारावर."

गल्ली खणून ठेवलेली, गाडी आत येईना. भाऊ, शिंपी आणि खणणाऱ्यांतले दोघे, असे चौघे पुढे झाले. दार उचलून खांद्यावर घ्यायला लागले, तशी ती कडाडली.

"खांद्यावर नाही. हातात धरा."

चौघांनी मुकाट्याने दार खाली घेतलं. वर मिस्त्रीचं चाललेलंच, पॉलिशला नखं लावू नका.

अपेंडिक्स फुटलं होतं. रात्र काढली असती तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टरीणबाईंनी सगळ्या घराला उभं करून सुनावलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने डोळे उघडले. बायको उशाशी उभी. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "तुझं ऐकायला हवं होतं."

बरं बाई, हे एवढं मी माझ्या पदरचं घातलं. दार खरं, कबुतरं खरी, पण असं तो काही बोलला नाही. त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि दात आवळून वीतभर बाजूला सरकला, तिला टेकायला जागा व्हावी म्हणून.

ती त्यावरही ओरडलीच. "हलू नका, टाके उसवतील." आणि बसली.