अंधारातली पानं

हर्डीकर सरांनी नारळ फोडला, प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्राला हार घातला आणि पाहुण्यांना काहीतरी दाखवावं म्हणून आपल्या संशोधक विद्यार्थिनीच्या, वैजयंतीच्या काळ्या डब्याचं झाकण उचललं. "सर, ती पानं अंधारात..." ती पुटपुटली, पण व्हिडिओवाल्याचा हॅलोजन तोवर पालकाच्या पानांवर आलाही होता.

सर रंगात आले. "ऊन फार झालं की पानाच्या आतल्या पडद्यांत आम्लता वाढते. तोच इशारा! पान जास्तीचा प्रकाश उष्णता करून बाहेर टाकतं आणि स्वतः शाबूत राहतं. म्हणून या यंत्राने ही क्रिया मोजण्याआधी पानाला अंधारात निवांत ठेवावं लागतं. हे पथ्य आम्ही कसोशीने पाळतो!" हॅलोजनखाली पान नाचवत सर बोलत होते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी यंत्राने भलतेच आकडे दिले. जपून वाढवलेल्या रोपांची ती शेवटची पानं, आणि वैजयंतीचा प्रबंध त्यांच्यावाचून अडलेला. तापलेलं पान उष्णता बाहेर टाकतं. सरांनी ती वैजयंतीवर टाकली. "पानांना उजेड लागलाच कसा? तुमच्या पिढीला शिस्त म्हणून नाही!"

दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचा फोटो झळकला. हातात पान, समोर उघडा डबा. सर हरखले. "हा तुझ्या प्रबंधातही घाल गं."

तिने आज्ञाधारकपणे घातला, आकडे का बिघडले ते सांगणाऱ्या प्रकरणात. फोटोत डब्यावरची पाटीही स्वच्छ वाचता येत होती, सरांच्याच वळणदार अक्षरातली: "झाकण उघडू नये."