धारेची परीक्षा

वस्तऱ्याला धार लावता आली की यशवंताला सलूनमधली पंख्याखालची खुर्ची मिळणार होती आणि हातातला झाडू सुटणार होता. अट एकच: स्वतः धार लावलेल्या वस्तऱ्याने उस्ताद सोपानकाकांची दाढी करून दाखवायची.

तीन महिने घासून दगड झिजला, वस्तऱ्याला धार काही येईना. मग परीक्षेच्या सकाळी यशवंताने डोकं चालवलं. काकांचा तसाच दिसणारा वस्तरा गुपचूप उचलला आणि आपला बोथट त्यांच्या खणात ठेवला.

दाढी लोण्यासारखी झाली. बाकावरच्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. काका गालावरून हात फिरवत हसले. “पास! आता तू बस. पास झालेल्या चेल्याची दाढी उस्ताद स्वतःच्या वस्तऱ्याने करतो, ही आपल्या दुकानाची रीत.” त्यांनी खण उघडला.

पहिल्याच ओढीला यशवंताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “काका, जरा हळू!”

“अरे, माझ्या वस्तऱ्याला कधी जोर लागतो का? तुझं काही म्हणणं आहे का?”

तोंड उघडलं तर खुर्ची जाणार होती. दाढी काकांची झाली, करमणूक बाकावरच्यांची झाली आणि दोन्हींचं बिल यशवंताच्या हनुवटीने भरलं.