पटेपर्यंत

पटवता येत नाही असा माणूस अजून जन्माला आलेला नाही, असं इंग्रजीचे सर फळ्यावर डस्टर आपटून सांगत. घरी मात्र साध्या पडद्यांच्या रंगावरून त्यांना बायकोला जन्मात पटवता आलं नव्हतं.

आज तीच समोरच्या खुर्चीत बसून सरांचं हत्यार सरांवर चालवत होती.

"गोड बोलून गळी उतरवणं, म्हणजे 'टॉक इन्टू'. ते करून झालं. 'विन ओव्हर' करायचं, म्हणजे मन जिंकायचं, म्हणून तुमच्या जुन्या विनोदांना हसलेसुद्धा. आता राहिलं 'वेअर डाउन'. समोरचा दमून हो म्हणेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. बरोबर ना, अहो?"

"उदाहरणं बरोबर आहेत," सर म्हणाले. "मला पटलेलं नाही, एवढंच."

"मग माझ्यापुढच्या चहावर सकाळपासून साय कशी धरलीये?"

सरांनी तिच्या भरलेल्या कपाकडे पाहिलं. तिच्या खांद्यातून खुर्चीची वेताची वीण स्पष्ट दिसत होती, तिकडे पाहायचं मात्र टाळलं.

"एकदा तोंडानं म्हणा, मी गेलेय. तुम्ही म्हणत नाही तोवर मला इथून हलता येत नाही हो."

सरांनी आपल्या कपातला अगोड चहा कसाबसा गिळला.

"बरं. गेलीस तू. पटलं."

खुर्चीची वीण हळूहळू सगळीच दिसू लागली.

"अगं, थांब थांब!" सर घाईघाईनं उठले. "साखरेचा डबा कुठे ठेवतेस, तेवढं सांगून जा."